पायथॉनच्या पोटातलं फोर्ट्रान

पायथॉन संथ आहे, हे वाक्य कॉलेजातल्या पोरांपासून मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. त्याच्या पाठोपाठ एक तर्कही येतो. ओपन सोर्स लायब्ररीला वेग हवा असेल तर ती सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहावी आणि मूठभर जाणकारांच्या भरवशावर राहावं. चार नव्या लोकांनी येऊन कोडला हात लावावा असं वाटत असेल, तर ती पायथॉनमध्ये लिहावी आणि रेंगाळणं सोसावं.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. पायथॉनमध्ये लूप लिहून दहा लाख आकड्यांची बेरीज केली तर ती संथच होते, यात वाद नाही. पण तेच आकडे नमपाय या आकडेमोडीच्या पायथॉन लायब्ररीच्या अ‍ॅरेत ठेवून बेरीज मागितली, की लूप सीमध्ये फिरते. मॅट्रिक्सचा गुणाकार तर बहुधा ओपनब्लाससारख्या लायब्ररीकडे सोपवला जातो, आणि तिच्या गाभ्यातला बराच कोड एकेका जातीच्या प्रोसेसरसाठी हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आहे. तो वाचू शकणारी माणसं थोडी. मात्र नमपायला मदत करायला तो वाचावा लागत नाही. चाचण्या, डॉक्युमेंटेशन, चूक झाल्यावर दिसणारे संदेश आणि कितीतरी फंक्शन्स साध्या पायथॉनमध्येच आहेत. सोवळं देवघरापुरतं, ओसरीवर कुणीही यावं.

देवघराची भिंत कुठे घालायची, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. १०० सेकंद चालणाऱ्या प्रोग्रॅममधला ५ सेकंद खाणारा तुकडा दहापट वेगवान केला, तरी एकूण वेळ ९५.५ सेकंदच होतो. त्या साडेचार सेकंदांसाठी वाचता येणारा कोड अगम्य करून ठेवणारे लोक सगळ्याच प्रकल्पांत भेटतात. आधी कुठे किती वेळ जातो ते मोजणारा प्रोफाइलर चालवावा, मग बाह्या सरसावाव्यात.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: यंत्राच्या जितकं जवळ जावं तितका वेग आपोआप मिळतो. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या पायथॉन लायब्ररीचं उदाहरण घ्या. तिथली निर्णयवृक्षांवर आधारलेली जुनी बूस्टिंग पद्धत मोठ्या डेटावर दमायची. ती काही शुद्ध पायथॉनमध्ये नव्हती. तिचाही गाभा कंपाइल केलेलाच होता. २०१९ मध्ये, ०.२१ आवृत्तीत, लाइटजीबीएम या दुसऱ्या लायब्ररीच्या धर्तीवर नवी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक आकडा तपासत बसण्याऐवजी आकड्यांची आधी जास्तीत जास्त २५५ खणांत वाटणी होते आणि पुढचं सगळं काम खणांवर चालतं. वेगातली मोठी झेप या युक्तीची आहे. भाषेचं श्रेय त्यानंतरचं.

त्या भाषेचीही एक गोष्ट आहे. हे काम आधी नंबा हा पायथॉनचा कंपायलर वापरून स्वतंत्रपणे करून पाहिलं होतं. सायकिट-लर्नमध्ये आणताना ते सायथॉनमध्ये पुन्हा लिहिलं गेलं, कारण प्रकल्पाला नवं अवलंबित्व नको होतं आणि सायथॉनवर तिथल्या लोकांचा हात बसलेला होता. सायथॉन दिसायला पायथॉनसारखं असतं, पण कंपाइल होऊन सीच्या वेगाने धावू शकतं. त्याची मला आवडणारी सोय म्हणजे पिवळे पट्टे. एक पर्याय देऊन फाइल कंपाइल केली की ज्या ओळी अजून पायथॉनच्या यंत्रणेत अडकून आहेत त्या पिवळ्या रंगात दिसतात. जितकं अडकणं जास्त, तितका पिवळा गडद. नवख्यालाही कुठे हात घालायचा ते कळतं.

योगदान सोपं ठेवणं म्हणजे येईल ते घेणं, असंही नाही. नवा अल्गोरिदम घेताना त्याच्या प्रकाशनाला निदान तीन वर्षं झालेली असावीत आणि २०० च्या वर उल्लेख असावेत, असा सायकिट-लर्नचा ढोबळ निकष आहे. कठोर वाटतो, पण सांभाळायची वस्तू कमी म्हणून सांभाळणाऱ्यांना श्वास घेता येतो.

आता सगळ्यात महाग गैरसमज: वेगवान कोड कुणी दिला तर ती फुकटची भेट. सायपाय या वैज्ञानिक गणिताच्या पायथॉन लायब्ररीला विचारा. इंटिग्रेशनची त्यांची नेहमीची फंक्शन्स १९८३ च्या क्वाडपॅकवर आणि लीस्ट स्क्वेअर्सची काही फंक्शन्स अमेरिकेतल्या अर्गॉन प्रयोगशाळेच्या १९८० च्या मिनपॅकवर उभी होती. दोन्ही फोर्ट्रानमध्ये. कोड वेगवान होता, पारखलेला होता, आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. अडचण दुरुस्तीची. फोर्ट्रान ७७ च्या प्रमाण नियमांत चलाचं नाव सहा अक्षरांच्या वर जात नाही, ओळ सातव्या रकान्यात सुरू होऊन बहात्तराव्यात संपते, कारण पंच कार्डांचा तो वारसा आहे. त्यात गोटूंच्या उड्या. पायथॉनवर वाढलेल्या पोरीने बग शोधायला फाइल उघडली तर ती बंद करून दुसरा बग निवडेल, आणि तिला नावं ठेवता येणार नाहीत. शिवाय विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरशी जुळणारा फुकट फोर्ट्रान कंपायलर मिळणं ही कायमची डोकेदुखी. म्हणून गेल्या काही वर्षांत सायपायच्या लोकांनी हा कोड बसून सीमध्ये उतरवायला घेतला. हेतू वेगाचा नव्हता. माणसाला वाचता यावं आणि कुठल्याही यंत्रावर बांधता यावं, एवढाच.

नमपायने हा धडा वेगळ्या रीतीने गिरवला. प्रोसेसर एका फटक्यात अनेक आकडे हाताळतो त्या सिम्ड आज्ञा इंटेलच्या वेगळ्या, आर्मच्या वेगळ्या, आयबीएमच्या वेगळ्या. प्रत्येकासाठी स्वतंत्र कोड लिहिला तर एक बग तीन ठिकाणी सुधारा. त्याऐवजी मधला एक थर केला: कोड एकदाच लिहायचा, आज्ञा कंपाइल होताना ज्याच्या त्याच्या ठरतात. आणि जिथे एकाच जातीच्या प्रोसेसरचा खास कोड घ्यावा लागला, तिथे तो वेगळा ठेवला. २०२३ च्या १.२५ आवृत्तीत एव्हीएक्स-५१२ वापरणारं इंटेलचं झटपट सॉर्टिंग आलं. तो कोड आता एक्स८६-सिम्ड-सॉर्ट या वेगळ्या रिपॉझिटरीत राहतो आणि नमपाय तो तिथून आणतं. सॉर्ट फंक्शनचं डॉक्युमेंटेशन सुधारायला आलेल्या नवख्याला ती रिपॉझिटरी उघडूनही पाहावी लागत नाही.