पालुपदावरून स्वभाव ओळखता येतो का?

बोलताना पुन्हा पुन्हा तोंडी येणाऱ्या शब्दाला मराठीत पालुपद म्हणतात. ‘मी-मी’ करणारा गर्विष्ठ, ‘खरं सांगतो’ म्हणणारा खोटारडा, दर वाक्याला ‘म्हंजे’ लावणारा गोंधळलेला, असे ठोकताळे सर्रास ऐकू येतात. सातारा-सांगलीच्या बोलीवर लावून पाहिले की त्यांतले बहुतेक टिकत नाहीत. साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत ही संस्थाने जोडून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नकाशावर रेघ पडली, तरी बोली दोन्हीकडे नांदत राहिली.

सर्वांत अन्यायकारक गैरसमज मुलींच्या वाट्याला येतो. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कानाला ते पुरुषी वाटते आणि बोलणारीला ‘दांडगट’ ठरवले जाते. वस्तुस्थिती व्याकरणाची आहे. या बोलीत प्रथमपुरुषी क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. तीच मुलगी मैत्रिणीबद्दल बोलताना ‘ती आली’ असेच म्हणते. प्रमाण मराठीतही ‘आम्ही आलो’ हे रूप स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही चालते, आणि त्यात कोणाला पुरुषीपणा दिसत नाही. शेजारच्या कन्नडमध्येही ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांसाठी एकच रूप आहे, आणि जत तालुक्यातील कित्येक गावांत कन्नड घरोघर बोलली जाते.

‘या की’, ‘बसा की’, ‘च्या घ्या की’ यांतला ‘की’ परक्याला हट्टाचा किंवा टोमण्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो आज्ञेची धार काढून तिचा आग्रह करतो. नुसते ‘घ्या’ या भागात कोरडे वाटते. सांगलीकडचे ‘खरं’ तर अर्थच वेगळा घेऊन येते. ‘आलो असतो, खरं येळच न्हाई घावला’ या वाक्यात ते सत्याची ग्वाही देत नाही. ते ‘पण’ या अर्थाचे उभयान्वयी अव्यय आहे. अशा माणसाच्या बोलण्यातले ‘खरं’ मोजून त्याचा प्रामाणिकपणा जोखणे म्हणजे पुणेकराचे ‘पण’ मोजण्यासारखे आहे.

‘काय मर्दा’, ‘आरं लेका’ हे शब्दही उद्धटपणाचे लक्षण मानले जातात. ते बरोबरीच्या माणसासाठी असतात. पारावर दर वाक्याला ‘लेका’ म्हणणारा तरुण समोरून तात्या किंवा आण्णा आले की ‘व्हय तात्या’वर येतो. क्षणभरात त्याचा स्वभाव बदलत नाही, बदलते ते समोरच्याशी असलेले नाते. ‘बघू की’ या उत्तराचेही तसेच आहे. उसनवारी मागणाऱ्या पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणून दुखवू नये, म्हणून ते येते.

‘मी’ फार वापरणारा आत्मकेंद्री असतो, हा समज जगभर आहे. अमेरिका आणि जर्मनीतील ४,८११ जणांच्या बोलण्या-लिहिण्यावर आधारित, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्मप्रौढी आणि ‘मी’ची संख्या यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. मराठीत तर मोजणीच फसते. ‘उद्या येईन’ यात ‘मी’ची गरज नसते, कारण कर्ता कोण ते क्रियापदच सांगते. ‘म्या भाकरी खाल्ली’ यात क्रियापद भाकरीप्रमाणे चालते, म्हणून ‘म्या’ बहुधा उच्चारावेच लागते. एखाद्याच्या तोंडी ‘मी’ किती वेळा आले, हे अहंकारापेक्षा काळ आणि प्रयोग यांवर ठरते.

‘म्हंजे’, ‘बघा’, ‘ऐका’ यांसारख्या पालुपदांबाबत इंग्रजी संभाषणांचा २०१४ मधला एक अभ्यास उपयोगी आहे. २६३ जणांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यात अशा धाटणीचे शब्द तरुणांत, स्त्रियांत आणि काटेकोर स्वभावाच्या माणसांत अधिक आढळले. गोंधळापेक्षा ऐकणाऱ्याला नीट समजावे ही काळजी त्यामागे असू शकते. शपथांचे म्हणाल, तर ‘आईशप्पत’ ऐकून खोटे पकडल्याचा विश्वासही पोकळ आहे. खरे-खोटे ओळखण्याच्या प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा माणसांचे अंदाज सरासरी शंभरात ५४ वेळाच बरोबर निघाले. नाणेफेकीत पन्नास निघतात.

तरीही असे ठोकताळे पटतात, त्याचे कारण बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवले. त्याने ३९ विद्यार्थ्यांना स्वतंत्र म्हणून दिलेले स्वभाववर्णन प्रत्यक्षात सर्वांना एकच होते आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कोणालाही लागू पडेल असे मोघम वर्णन प्रत्येकाला नेमके वाटते.

पालुपद काहीच सांगत नाही असे मात्र नाही. माणूस कुठल्या गावचा, कुठल्या पिढीचा, कोणाच्या सहवासात वाढला आणि समोरच्याला काय मानतो, हे त्यातून बऱ्यापैकी कळते. स्वभावाचा किंवा मनःस्थितीचा अंदाज घ्यायचा, तर तुलना त्याच बोलीच्या, त्याच वयाच्या शेजाऱ्याशी करावी लागते, आणि त्याहून चांगले म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्या रोजच्या बोलण्याशी. जन्मभर ‘या की, बसा की’ म्हणणारी आजी एके दिवशी पाहुण्याला नुसते ‘बसा’ म्हणाली, तर काहीतरी बिनसले आहे हे घरातल्यांना कळते. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला त्यात काहीच वेगळे जाणवत नाही.