मराठवाड्यांतील स्त्रीची उन्नति आणि घरचा वांटा

जनगणनेचा कारकून दाराशीं येऊन घरांतील माणसांचे व्यवसाय विचारूं लागला, म्हणजे कित्येक घरांतून एक ठराविक उत्तर ऐकूं येतें : "ती कांहीं करीत नाहीं, घरींच असते." हें उत्तर देणारा गृहस्थ लबाड नसतो, त्याला खरोखरच तसें वाटत असतें. पहांटे उठून पाणी भरणारी, दोन्ही वेळचा स्वयंपाक रांधणारी, धुणीं-भांडीं, म्हाताऱ्यांचें पथ्यपाणी आणि मुलांचा अभ्यास सांभाळणारी, आणि खेड्यांत असल्यास याशिवाय खुरपणी-वेचणीला जाणारी स्त्री 'कांहीं करीत नाहीं', असें ज्या समाजाला वाटतें, त्या समाजांत स्त्रीच्या उन्नतीचा विचार करतांना काम म्हणजे काय, याचाच विचार प्रथम करावा लागतो.

स्त्रीची उन्नति म्हणजे शिक्षण आणि नोकरी, अशी सुशिक्षित वर्गाची सामान्य समजूत आहे. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. या उन्नतीच्या तीन पायऱ्या मानतां येतील. पहिली, एखादी विद्या अथवा कसब हातीं येणें. दुसरी, त्या कसबाचा मोबदला आणि मान तिच्या स्वतःच्या नांवावर जमा होणें. तिसरी, घरांतील निर्णय आणि घरांतील कष्ट या दोहोंची योग्य वांटणी होणें. पहिल्या दोन पायऱ्या शाळा, सरकार आणि संस्था यांच्या साह्यानें चढतां येतात. तिसरी उंबरठ्याच्या आंत आहे. ती घरच्या माणसांनींच बांधावी लागते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांचा गेल्या पाऊणशें वर्षांचा अनुभव पाहिला, तर हें म्हणणें स्पष्ट होईल.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. लातूर हा त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुका होता. तो स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ सालीं. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं, आणि महर्षि कर्वे यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें तें १९१६ सालीं. पण तें वारें गोदावरी-मांजरेच्या कांठीं पोंचावयास फार विलंब लागला. संस्थानांत विद्यापीठ एकच, तें हैदराबादेस, आणि तेथील शिक्षणाचें माध्यम उर्दू. जेथें मराठी बोलणाऱ्या मुलाच्याच उच्च शिक्षणाची मारामार, तेथें मुलीला कोण विचारतो? नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानें पीपल्स कॉलेज निघालें तें १९५० सालीं. लातुरास दयानंद महाविद्यालय १९६१ सालीं आणि राजर्षि शाहू महाविद्यालय १९७० सालीं सुरू झालें. मराठवाड्याला स्वतःचें विद्यापीठ औरंगाबादेस १९५८ सालीं मिळालें. आणि स्वामीजींच्याच नांवाचें दुसरें विद्यापीठ नांदेडास स्थापन झालें तें १९९४ सालीं.

मुलींच्या दृष्टीनें या सनावळीचें महत्त्व विशेष आहे. मुलाला शिकावयाचें असेल तर तो दूरच्या शहरीं खोली घेऊन राहूं शके, वार लावून जेवूं शके. मुलीच्या बाबतींत फीपेक्षां अंतर हीच मोठी अडचण होती. महाविद्यालय जसजसें गांवाच्या जवळ आलें, आणि शाळकरी मुलींना एस्. टी.च्या प्रवासाची मोफत सवलत मिळूं लागली, तसतशी ती अडचण कमी झाली. सकाळच्या गाडीनें जाऊन संध्याकाळीं घरीं परतणें जिला शक्य झालें, तिच्याच शिक्षणाला बापाची संमति मिळाली. लातुरास मुलींसाठीं शासकीय निवासी तंत्रनिकेतनही आहे. पहिली पायरी अशी बांधली गेली.

शाळेची पायरी जिच्या वांट्याला आलीच नाहीं, त्या स्त्रीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिला स्वतःच्या हातांत रोख मजुरी प्रथम दिली ती दुष्काळानें. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील हजारों बायका खडी फोडावयास, रस्त्यांवर आणि पाझर तलावांवर माती वाहावयास गेल्या. पुढें महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला आणि तो १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलांत आला. या योजनेंत मजुरी कामाच्या मापावर ठरे; स्त्री कीं पुरुष, हा भेद दरांत नव्हता. शेतावर तेवढ्याच दिवसाला पुरुषाहून कमी मजुरी घेणाऱ्या बाईला हा अनुभव नवा होता. तथापि, ती पायरीही अर्धीच होती. दिवसभर खडी फोडून आल्यावर चुलीपुढें बसणारी तीच होती, आणि आणलेला पैसा कोठें खर्चावयाचा, हें ठरविणारा बहुधा दुसराच होता.

या भागांतील स्त्रीच्या जीवनाला खरें वळण लागलें तें एका भयंकर आपत्तीनंतर. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जनाची रात्र सरून पहांटेचे चार वाजावयास कांहीं मिनिटें असतां, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत सरकारी नोंदीप्रमाणें जवळजवळ आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. एवढ्या प्राणहानीचें कारण भूकंपाच्या जोराइतकेंच घरांच्या बांधणींतही होतें. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांतील आंतल्या व बाहेरच्या अंगाचे दगड एकमेकांस न सांधलेले, आणि वर लांकडी तुळयांवर मातीचे थरावर थर दिलेलें माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारें हेंच माळवद त्या पहांटे निजलेल्या माणसांवर कोसळलें.

बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. पण याशिवाय हजाराहून अधिक गांवांतील तडे गेलेलीं घरें जागच्या जागीं दुरुस्त व बळकट करावयाचीं होतीं. त्यासाठीं सरकार घरमालकाला हप्त्याहप्त्यानें पैसे देणार, आणि काम त्यानेंच करून घ्यावयाचें, अशी योजना होती. कागदावर ती सोपी. पण हप्ता केव्हां मिळतो, भिंतीचे दोन पदर सांधणारा आडवा दगड कोठें बसवावयाचा, माळवदावरची माती किती उतरवावयाची, दारांवरून भोंवतीं पट्टा कसा घ्यावयाचा, हें प्रत्येक घराला समजावून कोण सांगणार? हें काम गांवोगांवच्या महिला मंडळांतील स्त्रियांकडे सोंपविण्यांत आलें. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें त्यांना तयार केलें. या स्त्रियांना 'संवाद सहायक' असें नांव मिळालें.

घर बाईचें असतें, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. घर बांधण्याची विद्या मात्र सर्वस्वीं पुरुषांची मानली जाते. संवाद सहायकांनीं ही रीत मोडली. त्यांनीं बांधणीचे नियम शिकून घेतले, गांवाच्या बैठकी भरविल्या, लोकांच्या तक्रारी अधिकाऱ्यांपर्यंत पोंचविल्या आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. चावडीवरून जातांना डोक्यावरचा पदर पुढें ओढणाऱ्या बायकांना त्याच चावडीवर उभें राहून पुरुषांना कांहीं सांगण्याचा प्रसंग आला. २००१ च्या जानेवारींत कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां लातूरकडील स्त्रिया तेथील स्त्रियांना स्वतःचा अनुभव सांगावयास गेल्या; २००४ च्या सागरी लाटांनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही हा अनुभव पोंचला. ज्यांना मदत द्यावयाची अशा गणल्या गेलेल्या स्त्रिया मदत देणाऱ्या झाल्या. योगायोग असा, कीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्तीही त्याच १९९३ सालच्या एप्रिलांत अमलांत आली आणि गांवपंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखीव झाल्या. महाराष्ट्रांत २०११ पासून हें प्रमाण निम्मे आहे.

आतां तिसऱ्या पायरीचा विचार. ती कशी चढतात, याचाही एक नमुना याच भागांत सांपडतो. अलीकडच्या काळांत येथील शेती सोयाबीनकडे झुकली. पैसा देणारें पीक कोणतें घ्यावयाचें, हें पुरुष ठरवी. निंदणी, वेचणी, राखणी बाई करी. आणि घरांत लागणारी डाळ, ज्वारी व भाजी मात्र बाजारांतून विकत आणावी लागे. पाऊस हुकला, कीं पीकही जाई आणि ताटही रिकामें राही. यावर उपाय म्हणून वर सांगितलेल्याच संस्थेनें 'एक एकर शेती'चा मार्ग दाखविला. घरच्या जमिनींतील अर्धा-एक एकर तुकडा बाईच्या ताब्यांत द्यावयाचा; त्यांत काय पेरावयाचें तें तिनें ठरवावयाचें; तिनें तेथें भाजीपाला, कडधान्यें आणि भरड धान्यें थोड्या पाण्यावर घ्यावयाचीं. २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें 'इक्वेटर' पारितोषिक या संस्थेला मिळालें.

या उपायांतील मर्म एकराच्या आकारांत नाहीं. बाई त्या शेतांत पूर्वींही राबत होती. कष्ट नवे नव्हते. नवीन होता तो निर्णय. नवऱ्यानें एक तुकडा तिच्या हवालीं केला आणि तिच्या अकलेवर विश्वास टाकला, त्या दिवशीं ती मजुरीण न राहतां शेतकरी झाली. तथापि ताबा म्हणजे मालकी नव्हे. वडिलार्जित मिळकतींत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि सर्व देशानें २००५ सालीं मान्य केला आहे. पण सातबाऱ्यावर नांव चढावयाच्या वेळीं "बहिणीनें हक्कसोड केली" हें वाक्य जितक्या सहज लिहिलें जातें, तितक्याच सहज कायदा कागदावर राहतो.

खेड्यांतील ही हकीकत ऐकून शहरांतील सुशिक्षित कुटुंबानें समाधान मानून घेण्याचें कारण नाहीं. कारण तिसरी पायरी तेथेंही कच्चीच आहे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. तींत असें दिसून आलें, कीं बिनमोल घरकाम करणारी स्त्री त्यासाठीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे जवळजवळ पांच तास खर्च करते. आणि तें काम करणारा पुरुष ९७ मिनिटें. शिवाय हें काम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१, आणि पुरुष शंभरांत अवघे २६ होते. नांदेडची शिक्षिका असो वा लातूरची परिचारिका, ती नोकरीचे आठ तास भरून घरीं येते, तेव्हां तिची दुसरी पाळी सुरू होते. मग मुख्याध्यापिकेची बढती किंवा वरच्या जागेवरील बदली समोर आली, कीं "घराचें कसें होईल?" हा प्रश्न तिलाच विचारला जातो. नवऱ्याच्या बढतीच्या वेळीं हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. तेव्हां पेढे वांटतात. अशी बढती तिनें नाकारली, तर कोणी तिच्यावर जुलूम केला असें दिसत नाहीं. सर्व कांहीं गोडीगुलाबीनें होतें. म्हणूनच या नुकसानीची नोंद कोठेंही होत नाहीं.

कांहीं घरांत वांटणी झाल्यासारखी दिसते. पण ती बायकांबायकांतच झालेली असते. सून नोकरीला गेली, म्हणून सत्तरी गांठलेली सासू पुन्हां पोळपाटापाशीं बसते. किंवा मोलकरीण येते, आणि त्या मोलकरणीच्या घरचें काम करण्यासाठीं तिची थोरली मुलगी शाळा बुडविते. हिला ओझ्याची वांटणी म्हणतां येणार नाहीं. ओझें केवळ दुसऱ्या स्त्रीच्या डोक्यावर गेलें. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पांच लाख लिटर पाणी आलें. त्या पाण्याची बातमी देशभर झाली. पण टँकरपुढील रांगेंत हंडे घेऊन उभें राहण्यांत बायकांचे आणि मुलींचे किती तास गेले, त्याचा हिशेब कोणीं मांडला?

सरकारही या दृष्टिदोषापासून मुक्त नाहीं. अंगणवाडीची योजना १९७५ सालीं निघाली आणि 'आशा'ची २००५ सालीं. खेड्यांतील बालकांचें पोषण आणि बाळंतिणीची काळजी आज याच स्त्रियांवर अवलंबून आहे. परंतु त्यांना नांव मिळालें 'सेविका' आणि 'स्वयंसेविका'. आणि महिनाअखेर हातीं पडतें त्याला वेतन न म्हणतां 'मानधन' म्हणतात. घरांत जशी माया, तशी गांवांत सेवा. काम बाईचें असलें, कीं त्याची किंमत आदराच्या शब्दांत चुकती करण्याची ही जुनी संवय आहे.

मग सुशिक्षित कुटुंबानें करावें काय? फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाहीं. घरांत रोज कोण किती कामें करतो, याची एक आठवडाभर प्रामाणिक टिपणी ठेवावी. पुष्कळ वाद त्या कागदानेंच मिटतील. मुलीला सायकल आणि मुलाला स्वयंपाक, हीं दोन्ही एकाच वयांत शिकवावींत. भाकरी थापतां येणाऱ्या मुलाचा पुरुषार्थ कमी होत नाहीं; उलट परगांवीं शिकावयास गेल्यावर त्याचे हाल टळतात. घर, भूखंड वा शेत घेतांना दोघांचीं नांवें लावावींत. पत्नीच्या पगाराचा हिशेब पत्नीला विचारून व्हावा. आणि तिच्या बढतीचें पत्र आलें, तर "घराचें कसें होईल?" या प्रश्नाचें उत्तर सर्वांनीं एकत्र बसून शोधावें.

किल्लारीच्या भूकंपानें एक धडा शिकविला. भिंत जाड असली म्हणजे ती बळकट असतेच असें नाहीं. आंतला आणि बाहेरचा पदर एकमेकांस सांधलेला असावा लागतो. ज्या घरांत स्त्री बाहेर पुष्कळ पुढें गेली आणि आंत सर्व कांहीं पूर्वींसारखेंच राहिलें, त्या घराच्या भिंतींत तो सांधणारा दगड अजून बसावयाचा आहे. तो बसविण्याचें काम घरच्या पुरुषांनीं आणि वडीलधाऱ्यांनीं हातीं घ्यावें, हें उचित होय.