मांजर घरी आणण्यापूर्वी

शेजारच्या घरी मांजरीला पिल्ले होतात, आठ-दहा दिवसांत ती डोळे उघडतात, आणि आपल्या मुलांचा पाय घरात ठरेनासा होतो. 'आपणही एक आणू या' हा हट्ट तेथून सुरू होतो. या देशात मांजर कोणाला परके नाही. बंगालमध्ये लेकरांचा सांभाळ करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहनच मांजर आहे, आणि मराठी मुलांना ते वाघाची मावशी म्हणून बोलू लागण्यापूर्वीच ठाऊक झालेले असते. तेव्हा आपल्याही घरी एक मनी असावी असे वाटण्यात वावगे काही नाही.

परंतु ज्या घरात कोणाला दमा आहे, ऋतू पालटताच कोणाच्या शिंका थांबत नाहीत, किंवा कोणाच्या अंगावर वरचेवर गांधी उठतात, त्या घरात हा निर्णय केवळ हौसेवर सोपवून चालत नाही. एका बाजूस माणसाचा श्वास आहे, तर दुसऱ्या बाजूस एका मुक्या जीवाचे बारा-पंधरा वर्षांचे आयुष्य. या दोहोंचा विचार मांजर उंबरठ्याच्या आत येण्यापूर्वीच झाला पाहिजे. उशिरा केलेल्या विचाराची किंमत या दोघांपैकी एकाला मोजावी लागते.

दोष केसांचा नव्हे

ज्याला आज सर्वत्र 'ॲलर्जी' म्हणतात, त्यासाठी आपल्या भाषेत 'वावडे' हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. 'ॲलर्जी' ही संज्ञा व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिली. एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थास आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रू मानते आणि त्याच्याशी झुंजू लागते. शिंका, वाहणारे नाक, चुरचुरणारे डोळे आणि छातीतील घरघर ही त्या झुंजीचीच चिन्हे होत.

मांजर बाधते ते त्याच्या केसांमुळे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होते. शास्त्रज्ञ त्यास 'फेल डी १' या नावाने ओळखतात. मांजराचे वावडे असलेल्या शंभर व्यक्तींपैकी नव्वदांहून अधिकांना बाधते ते हेच प्रथिन. मांजर स्वभावतः स्वच्छताप्रिय. दिवसाचा बराच वेळ ते आपले अंग चाटण्यात घालविते. चाटलेली लाळ केसांवर वाळते, तिचे कण कोंड्याबरोबर सुटतात आणि हवेत तरंगू लागतात. यांपैकी कित्येक कण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान असल्यामुळे ते तासन्‌तास खाली बसत नाहीत आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात उतरतात. गाद्या, पडदे, सतरंज्या आणि अंगावरचे कपडे यांना ते चिकटून राहतात. मांजर न पाळणाऱ्या घरांत आणि शाळांच्या वर्गांतही हे प्रथिन आढळते, कारण मांजर पाळणारी मंडळी ते नकळत आपल्या कपड्यांवरून तेथे नेतात.

हे एकदा ध्यानात आले, म्हणजे पुढचा पुष्कळसा गोंधळ आपोआप दूर होतो.

जातीची मोहिनी

बाजारात 'ॲलर्जी न होणारी' म्हणून काही जातींचा बोलबाला असतो. स्फिंक्स या जातीचे मांजर जवळजवळ केशहीन असते; १९६६ साली कॅनडातील टोरांटो येथे जन्मलेल्या एका केशहीन पिल्लापासून या जातीची सुरुवात झाली. केस नाहीत म्हणजे बाधाही नाही, असा तर्क केला जातो. पण त्या मांजराला लाळ आहे आणि त्वचाही आहे, मग प्रथिन नाहीसे कसे होणार? सायबेरियन आणि बालिनीज या जातींविषयीही असेच दावे केले जातात. त्या जातींतील एखाद्या मांजरात हे प्रथिन कमी असू शकेल. परंतु जातीचे नाव ही त्याची हमी नव्हे. एकाच जातीच्या, किंबहुना एकाच वेताच्या दोन मांजरांतही त्याचे प्रमाण पुष्कळ निराळे असू शकते. आखूड केसांचे मांजर बरे, पांढरे मांजर कमी बाधते, या समजुतींनाही भक्कम आधार नाही.

२००६ साली अमेरिकेतील एका कंपनीने ॲलर्जी होऊ न देणारी मांजरे तयार केल्याचे जाहीर केले आणि एकेका पिल्लासाठी हजारो डॉलर आकारले. शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला, तेव्हा तज्ज्ञांच्या कसोटीस उतरेल असे संशोधन पुढे आले नाही. पुढे तो व्यवसाय बंद पडला. या प्रथिनापासून सर्वस्वी मुक्त असलेली मांजराची जात आजपर्यंत सिद्ध झालेली नाही. सबब तसे सांगून कोणी अधिक पैसे मागत असेल तर आपण सावध असावे.

आपल्याकडे मोठ्या शहरांतून पर्शियन मांजराची हौस वाढली आहे. त्याच्या लांब केसांची निगा नित्य राखावी लागते, चपट्या नाकामुळे त्याला स्वतःलाच श्वासाचा त्रास होतो आणि उन्हाळा त्याला सोसत नाही. वावड्याच्या दृष्टीने त्याचा कोणताही अधिक लाभ नाही. मग गल्लीत जन्मलेले, इथल्या हवेत वाढलेले साधे देशी मांजर काय वाईट?

आधी निदान, मग निवड

तेव्हा निवडावयाची ती जात नव्हे, तर एक विशिष्ट मांजर. आणि त्याच्याही आधी आपल्या घरातील व्याधीचे स्वरूप जाणून घ्यावयाचे.

पहिली पायरी वैद्यकीय सल्ल्याची. घरातील रुग्णाला नेमके कशाचे वावडे आहे, हे पुष्कळदा कोणीच तपासलेले नसते. गादी-उशांतील धुळीत राहणारे अतिसूक्ष्म किडे, झुरळे, भिंतींवरील बुरशी आणि परागकण हीदेखील शिंकांची व दम्याची नेहमीची कारणे होत. मुंबईच्या किंवा कोची येथील पावसाळी दमट हवेत आणि दिल्लीच्या हिवाळ्यात बंद दारांआड ती अधिकच जाचतात. त्वचेवर निरनिराळ्या पदार्थांचे थेंब ठेवून हलकेच टोचण्याची चाचणी किंवा रक्ताची तपासणी यांतून डॉक्टरांना अंदाज येतो. त्वचेच्या चाचणीपूर्वी काही औषधे थोडे दिवस थांबवावी लागतात. मात्र ती कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे. चाचणीचा निकाल आणि प्रत्यक्ष त्रास हे दोन्ही मिळूनच निदान होते.

एखाद्याला दम्याचे तीव्र झटके येत असतील आणि मांजराचे वावडेही सिद्ध झाले असेल, तर मांजर पाळू नये, हेच उत्तर होय. असे उत्तर मुलांना स्पष्ट शब्दांत, कारणासह सांगावे. मुले आपण समजतो त्याहून अधिक समजूतदार असतात.

त्रास सौम्य असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर दुसरी पायरी प्रत्यक्ष परीक्षेची. ज्या मांजराचा विचार चालला आहे, त्याच्या सध्याच्या घरी रुग्णाने जावे, त्याच खोलीत तासभर बसावे आणि त्याला हाताळावे. लक्षणे कधी काही मिनिटांत दिसतात, तर कधी काही तासांनी. म्हणून त्या रात्रीही लक्ष असू द्यावे. दम्याच्या रुग्णाने श्वासातून घ्यावयाचे औषध जवळ बाळगावे. अशा भेटी निरनिराळ्या दिवशी तीन-चार वेळा तरी व्हाव्यात. मधल्या काळात मांजर ज्यावर निजते असा एखादा टॉवेल आणून काही दिवस घरात ठेवावा, म्हणजे आणखी थोडा अनुभव येतो.

या परीक्षेसाठी पिल्लापेक्षा वयात आलेले मांजर अधिक सोयीचे. पिल्लाचे पुढे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. वाढलेले मांजर जसे भेटते तसेच घरी येते. मादीपेक्षा खच्चीकरण न झालेल्या बोक्यात हे प्रथिन सामान्यतः अधिक असते आणि खच्चीकरणानंतर ते उतरते. म्हणून मादी किंवा खच्चीकरण झालेला बोका निवडणे शहाणपणाचे. नको असलेली पिल्लावळ टळते, हा आणखी एक लाभ.

शेवटची पायरी अशी की, मूळ मालकाशी आधीच बोलणे करून मांजर महिनाभर परीक्षेसाठी आणावे आणि त्रास झालाच तर ते सन्मानाने परत घेतले जाईल, असा शब्द घ्यावा. घरात हे प्रथिन हळूहळू साठत जाते. पहिल्या चार दिवसांत शिंक आली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

घरातील शिस्त

परीक्षेत उतरलेले मांजर घरी आले, तरी काही नियम प्रथमपासूनच पाळावेत. रुग्णाची निजण्याची खोली मांजराला कायमची बंद असावी. आज मुलाच्या पांघरुणात घेतले आणि उद्या हाकलले, तर मांजरालाही ते उमगत नाही. त्या खोलीत जाड पडदे व गालिचे नसावेत. चादरी व अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्याने धुवावेत. केर कोरड्या झाडूने काढल्यास कण पुन्हा हवेत उडतात. ओल्या फडक्याने पुसणे उत्तम. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सूक्ष्म कण अडविणारी हवा शुद्ध करण्याची यंत्रे आज मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण ती या साध्या नियमांची जागा घेऊ शकत नाहीत.

मांजराचे केस विंचरणे आणि त्याचे मातीचे तबक साफ करणे ही कामे ज्याला वावडे नाही त्याने, शक्यतो गच्चीवर किंवा अंगणात करावीत. मांजराला हाताळल्यावर हात धुवावेत. तोच हात डोळ्यांस लावू नये. मांजराला न्हाऊ घातल्याने कण कमी होतात खरे, परंतु दोन-तीन दिवसांत स्थिती पूर्ववत होते. अलीकडे एका विशेष खाद्याचा उपाय पुढे आला आहे. कोंबडीच्या अंड्यांतील काही प्रतिपिंडे मांजराच्या लाळेतील फेल डी १ ला निष्प्रभ करतात. असे खाद्य तीन आठवडे दिल्यावर केसांवरील सक्रिय प्रथिन सरासरीने जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. निम्मे म्हणजे शून्य नव्हे, हे मात्र विसरू नये.

आणि औषधांविषयी एक शब्द. 'पंपाची सवय लागते' या भीतीने कित्येक आईबाप दम्याचे औषध मुलाला बरे वाटताच थांबवितात. मांजर असो वा नसो, डॉक्टरांनी नित्य घेण्यास सांगितलेले औषध आपल्या विचाराने बंद करू नये.

ज्या कुटुंबांना बदलीच्या नोकरीनिमित्त गावोगाव फिरावे लागते, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. मांजर घर सोडून गेल्यावरही त्याचे प्रथिन तेथे चार ते सहा महिने टिकून राहते. नव्या जागेत शिरताच मुलाला विनाकारण शिंका येऊ लागल्या, तर आधीच्या बिऱ्हाडात मांजर होते काय, हे विचारून पाहावे.

दिलेला शब्द

विचार न करता आणलेल्या मांजराचे पुढे काय होते, हे आपण सर्वच जाणतो. मुलाचा खोकला वाढतो, घरात कुरबूर होते, आणि एके दिवशी कोणीतरी मांजराला पिशवीत घालून दूर बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून येते. 'मांजर कोठेही जगते' असे म्हणून मनाची समजूत घातली जाते. घरच्या ताटलीवर वाढलेले मांजर अनोळखी गल्लीत कुत्र्यांपुढे आणि वाहनांपुढे फार दिवस जगत नाही. उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने क्रूरताच ठरविले आहे.

यात इजा केवळ मांजरालाच होते असे नव्हे. ज्या घरात बहिणीचे मांजर भावाच्या दम्यापायी घालविले जाते, त्या घरात बहीण भावाला दोष देते आणि भाऊ स्वतःला. त्याहून वाईट म्हणजे, मांजर जाऊ नये म्हणून तो मुलगा आपली घरघर लपवू लागतो. रात्री तोंडाशी उशी धरून खोकतो. दम्यात लपविलेला त्रास प्राणावर बेतू शकतो. म्हणून मांजर आणण्यापूर्वीच सर्व मुलांना एकत्र बसवावे आणि महिनाभराची परीक्षा काय आहे, ती कोणासाठी आहे, मांजर परत गेले तर ते कोणाच्या अपराधामुळे नव्हे, हे समजावून सांगावे.

मांजर परीक्षेत उतरले नाही, तरीही प्रेम करण्याचे मार्ग संपत नाहीत. अंगणात किंवा जिन्याखाली येणाऱ्या मांजरासाठी पाण्याचे भांडे ठेवता येते, पशुवैद्याकडून त्याचे रेबीजचे लसीकरण व नसबंदी करून घेता येते, आणि ज्या मुलाला वावडे नाही त्याच्यावर त्याची जबाबदारी सोपविता येते. मराठी घरांच्या पडवीत पिढ्यान्‌पिढ्या मांजरे वावरली, ती अशीच दारची म्हणून; त्यांना कोणी पलंगावर घेतले नाही आणि कोणी उपाशीही ठेवले नाही.

मांजर आपल्या घरी येते ते आपण आणतो म्हणून. त्याला कोणी विचारीत नाही, आणि परत पाठवितानाही विचारणार नाही. म्हणून त्याच्या वतीनेही विचार करण्याचे काम आपल्याकडे येते. तो महिनाभराचा विचार आधी करावा. मग 'हो' म्हटले तरी ते पक्के असेल, आणि 'नाही' म्हटले तरी त्यात कोणाचे अकल्याण होणार नाही.