नौली, क्ष-किरणांच्या पडद्यावर

लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम उभारणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. निष्कर्ष त्यांच्याच ‘योग मीमांसा’ नियतकालिकात छापले. नौलीत मोठ्या आतड्यात दाब उतरून जी पोकळी होते, तिला त्यांनी गुरूंचं नाव दिलं: माधवदास पोकळी. योग्याच्या पोटात यंत्र डोकावलं, याचं तेव्हा केवढं अप्रूप!

त्या काळी क्ष-किरणांचं चालतं चित्र पाहायला अंधाऱ्या खोलीत डोळे आधी सरावून घ्यावे लागत. आता ते थेट व्हिडिओवर दिसतं. तरी त्यावरून घेतलेल्या मापांवर लगेच भरवसा नको. आधी ठरावीक अंतराची तारजाळी धरून पाहतात. कडेच्या रेषा वाकल्या, की तिथली मापं चुकणार. शिवाय पडद्यापासून लांबचा अवयव मोठा दिसतो, म्हणून ज्ञात मापाची धातूची गोळी त्याच अंतरावर ठेवतात.

भारतात असं क्ष-किरण यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.