ॲम्ब्युलन्स हॉस्पिटलच्या दारात पोहोचली, पुढे काय? समजून घ्या 'हँडओव्हर'

ॲम्ब्युलन्स कॅज्युअल्टीच्या दारात थांबली की नातेवाइकांना वाटतं, आता सुटलो. पण उपचारातला एक नाजूक टप्पा इथेच असतो. ॲम्ब्युलन्समधली टीम पेशंटची जबाबदारी कॅज्युअल्टीतल्या नर्स आणि डॉक्टरांकडे सोपवते. याला म्हणतात हँडओव्हर. काम मिनिटभराचं, पण एखादी गोष्ट सांगायची राहिली तर महागात पडू शकते.

धोका नेमका कुठे?

समजा, छातीत दुखतंय म्हणून पेशंटला वाटेतच ॲस्पिरिन दिली. ते सांगायचं राहिलं, तर तीच गोळी पुन्हा दिली जाऊ शकते. लकव्याच्या झटक्यात तर वेळच सगळं ठरवते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास कधी सुरू झाला, हेच कळलं नाही तर इंजेक्शन द्यायचं की नाही, हे ठरवणं अवघड होतं.

गडबडीत सगळं लक्षात कसं राहतं?

त्यासाठी ठरलेला क्रम असतो. अपघाताच्या पेशंटसाठी अनेक देशांत 'एटी-मिस्ट' हा क्रम वापरतात :

- पेशंटचं वय
- घटनेची वेळ
- अपघात कसा झाला
- कुठे, काय लागलंय
- नाडी, बीपी, श्वास, शुद्ध
- वाटेत दिलेले उपचार

पेशंटला तातडीने काही करावं लागणार नसेल, तर बाकीच्यांनी हातातलं काम थांबवून ऐकायचं, असा संकेत आहे. नर्सने ऐकलेलं पुन्हा बोलून दाखवलं, तर चूक तिथेच पकडता येते. तोंडी सांगितलेलं कागदावरही यायला हवं.

महाराष्ट्रात काय?

राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेच्या ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतात. पण अनेक पेशंट रिक्षाने, शेजाऱ्याच्या गाडीने किंवा फक्त ड्रायव्हर असलेल्या खासगी ॲम्ब्युलन्सने येतात. तिथे हँडओव्हर नातेवाइकांनाच द्यावा लागतो.

तुम्ही काय सांगाल?

त्रास किती वाजता सुरू झाला, पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला, रोजच्या गोळ्या कोणत्या, ॲलर्जी कशाची आणि घरी किंवा वाटेत काय दिलं. गोळ्यांची नावं आठवत नसतील, तर पाकिटंच सोबत घ्या. आणि हे सगळं आजच मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण ऐनवेळी काही सुचत नाही.