पायथन भाषेतील वस्तुगुणधर्म व आदानमूल्ये

पायथन या संगणकभाषेत वर्ग किंवा क्लास म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तू घडविण्याचा साचा होय. वस्तू घडविताना जी मूल्ये बाहेरून पुरविली जातात त्यांना आदानमूल्ये किंवा आर्ग्युमेंट म्हणतात, तर घडलेल्या वस्तूजवळ जी मूल्ये नावानिशी राहतात त्यांना वस्तुगुणधर्म किंवा ॲट्रिब्यूट म्हणतात. दोहोंना पुष्कळदा एकच नाव दिले जात असल्यामुळे ती एकच होत, असा समज होतो. वस्तुतः आदानमूल्याचे नाव रचनेपुरतेच असते. गुणधर्म मात्र वस्तूबरोबर टिकतो.

वर्गाची कल्पना प्रथम सिम्युला ६७ या भाषेत रूढ झाली. ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगोर यांनी ती ऑस्लो येथे विकसित केली. तीत वर्गाला दिलेली आदाने आपोआपच वस्तूचे गुणधर्म बनत. ग्विडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथे तयार केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेत असे आपोआप घडत नाही. कोणते मूल्य वस्तूजवळ ठेवावयाचे, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने स्पष्टपणे सांगावे लागते.

वस्तू निर्माण होताच पायथन त्या वर्गातील ‘इनिट’ ही कृती चालविते. तिला सर्वप्रथम ती वस्तूच दिली जाते व नंतर आदानमूल्ये मिळतात. वस्तूसाठी ‘सेल्फ’ हे नाव केवळ प्रघाताने वापरतात. २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावेही चालतात. त्यामुळे ‘स्व’ हे नाव घेतल्यास पुढील ओळ ग्राह्य ठरते :

स्व.मुद्दल = मुद्दल

उजवीकडील ‘मुद्दल’ हे आदानमूल्य, तर डावीकडील वस्तूचा गुणधर्म होय. ही ओळ लिहिली नाही, तर कृती संपताच आदानाचे नाव नाहीसे होते आणि पुढे वस्तूकडे मुद्दल मागितल्यास ‘ॲट्रिब्यूट-एरर’ हा दोष दर्शविला जातो.

आदाने व गुणधर्म यांची संख्या किंवा मूल्ये सारखीच असली पाहिजेत असे नाही. उदा., कर्ज या वर्गाला मुद्दल व वार्षिक व्याजदर ही दोन आदाने दिली. वार्षिक दर शेकडा १२ असल्यास वस्तूजवळ मासिक दर शेकडा १ एवढाच ठेवता येतो. भरलेल्या हप्त्यांची यादी हा गुणधर्म आरंभी रिकामा असतो. त्यासाठी आदानाची गरज नसते.

हा भेद न ओळखल्यास उद्भवणारे काही दोष संगणक दाखवून देत नाही. वार्षिक व मासिक असे दोन्ही दर गुणधर्म म्हणून साठविले आणि पुढे वार्षिक दर शेकडा ९ केला, तरी मासिक दर शेकडा १ एवढाच राहतो. कारण त्याची आकडेमोड रचनेच्या वेळी एकदाच झालेली असते. व्याजाची आकारणी चुकीची होते, पण दोषसूचना मिळत नाही. म्हणून एकच दर साठवून दुसरा मागणीनुसार काढणे श्रेयस्कर असते.

दुसरा धोका याद्यांच्या बाबतीत संभवतो. गुणधर्माला आदानमूल्य देताना पायथन त्याची प्रत काढीत नाही. दोन्ही नावे एकाच मूल्याकडे निर्देश करतात. हप्त्यांची एकच यादी दोन कर्जांना पुरविली, तर एका ऋणकोने भरलेला हप्ता दुसऱ्याच्या खात्यातही दिसू लागतो. आदान न दिल्यास रिकामी यादी घ्यावी, अशी योजना आदानांच्या मांडणीतच केल्यासही हेच घडते; कारण ती यादी कृतीच्या व्याख्येच्या वेळी एकदाच तयार होते. प्रत्येक वस्तूसाठी ‘इनिट’मध्ये नवी यादी निर्माण करणे, हा यावरील उपाय होय.

२०१८ मध्ये ३·७ या आवृत्तीत डेटाक्लास ही सोय आली. तीत घोषित केलेल्या नावांवरून ‘इनिट’ कृती व तीमधील नोंदी आपोआप तयार होतात. तथापि केवळ आदान असणारी व केवळ गुणधर्म असणारी नावे वेगळी दर्शविण्याची तरतूद तीतही ठेवलेली आहे. लेखनाचे श्रम वाचले, तरी वस्तूने काय स्वीकारावे व काय जवळ बाळगावे, हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याकडेच राहतो.