पाहुण्याचा पूर्वेतिहास आणि यजमानाचे कर्तव्य

कोकण किनाऱ्यावर व थंड हवेच्या ठिकाणी घरातील एकदोन खोल्या पर्यटकांना देणे, हा अनेक कुटुंबांचा जोडव्यवसाय झाला आहे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्यांनाही त्यासाठी उत्तेजन दिले. अशा घरी उतरलेल्या पाहुण्यास पूर्वी गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झाल्याचे कळल्यास काय करावे, असा प्रश्न यजमानापुढे उभा राहतो.

शिक्षा भोगून सुटलेला मनुष्य केवळ त्या कारणाने फरारी ठरत नाही. त्यास निवारा देणे हा गुन्हा नव्हे. जात वा आडनाव पाहून संशय घेणे तर सर्वस्वी अनुचित होय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर असाच शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु कलंकाची झळ त्या समाजांना पुढेही सोसावी लागली.

फरारी घोषित झालेल्या आरोपीची व तुरुंगातून पळालेल्या कैद्याची गोष्ट वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ अन्वये, अशी व्यक्ती गावात आल्याचे कळल्यास किंवा तसा रास्त संशय असल्यास ते तात्काळ दंडाधिकाऱ्यास अथवा पोलीस ठाण्यास कळविणे ग्रामस्थांवर बंधनकारक आहे. हे कर्तव्य पंचायत सदस्यांवरही आहे. गुन्हेगारास शिक्षेपासून वाचविण्याच्या हेतूने जाणूनबुजून आसरा देणे, हा स्वतंत्र गुन्हा आहे. तडीपार व्यक्तीने मनाई असलेल्या क्षेत्रात विनापरवानगी परतणे, हाही गुन्हाच आहे.

म्हणून खोली देण्यापूर्वीच ओळखपत्र पाहून नाव, पत्ता, वाहन क्रमांक व आगमनाची तारीख नोंदवहीत लिहावी. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी. संशय आल्यास पाहुण्याच्या सामानाची झडती घेऊ नये, त्याच्याशी वाद घालू नये आणि गावात बोभाटा करू नये. पोलीस पाटलास किंवा ठाण्यास माहिती द्यावी. धोका समोर दिसत असेल तर ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. घरातील स्त्रिया व मुले यांना एकटे ठेवू नये. पाहुण्यास ठेवून घेणे नकोसे वाटल्यास, उरलेल्या दिवसांचे पैसे परत करून, चारचौघांसमक्ष सौजन्याने निरोप द्यावा.

ग्रामपंचायतींनी पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी यजमानांची बैठक घेऊन, पोलीस अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत हे नियम समजावून द्यावेत. त्यामुळे कुटुंबाची सुरक्षितता राखली जाईल आणि निरपराध पाहुण्याचा अवमानही टळेल.